सरहद्दीपलीकडचा व्यापार आणि सरहद्दीपर्यंतचा अंमल

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या बाजारात पैशाचा असा लोंढा आला की, बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढण्यापासून नवनव्या वित्तपेढ्या उघडण्यापर्यंत ज्या ज्या उद्योगाच्या नावाने कंपनी काढता येईल त्या त्या कंपनीचे भाग हातोहात खपू लागले. बँक ऑफ बॉम्बेवरील जुने निर्बंध १८६३ च्या कायद्याने सैल झाले, कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देण्याची तिला मोकळीक मिळाली, आणि जिच्या भांडवलात सरकारचा वाटा होता व जिच्या संचालक मंडळावर सरकारनियुक्त माणसे बसत होती, त्या पेढीनेच सट्ट्याला भांडवल पुरवले. १८६५ च्या एप्रिलात जनरल ली शरण गेला, त्या वार्तेमागोमाग कापसाचा भाव कोसळला, १ जुलैच्या वायद्याची देणी भागेनात, आणि १८६८ पर्यंत बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. युद्ध एका खंडात, मागणी दुसऱ्या खंडात, सट्टा तिसऱ्या खंडात, आणि देखरेखीची जबाबदारी मुंबई, कलकत्ता व लंडन यांच्या दप्तरांत विभागलेली, असे या प्रकरणाचे स्वरूप होते. पुढील दीडशे वर्षांत जागतिक अर्थव्यवहारात जी जी अरिष्टे आली, त्यांतील बहुतेकांत थोड्याफार फरकाने हेच स्वरूप आढळते.

शासनाने अर्थव्यवहारात किती हात घालावा, हा वाद जुना आहे आणि त्याभोवती पुष्कळ शाई खर्च झाली आहे. परंतु नियमन कोणाच्या अंमलाखाली व्हावे आणि नियमन करणाऱ्याने कोणाला जाब द्यावा, या प्रश्नांचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला. व्यापार सरहद्द ओलांडतो आणि हुकूम सरहद्दीपाशी थांबतो, ही यातील मूळ अडचण होय. तिच्यावर आजवर जे उपाय योजले गेले, त्यांच्या यशापयशाचा आढावा घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

तात्त्विक बाजू प्रथम थोडक्यात मांडली पाहिजे. ज्या व्यवहाराचा तोटा त्या व्यवहारात नसलेल्या तिऱ्हाइतावर पडतो, तेथे बाजारभाव खोटा ठरतो आणि शासनाने कराच्या किंवा निर्बंधाच्या रूपाने तो दुरुस्त करावा, असे आर्थर पिगू याने १९२० साली प्रतिपादिले. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, यामुळे चांगला माल बाजारातून कसा हद्दपार होतो, हे जॉर्ज अकरलॉफ याने १९७० साली दाखवले. याच्या उलट बाजूला जॉर्ज स्टिगलर याने १९७१ साली असे मांडले की, ज्या धंद्यावर अंकुश ठेवण्यासाठी नियामक मंडळ निर्माण होते तोच धंदा कालांतराने त्या मंडळाला आपल्या सोयीने वापरू लागतो. या दोन्ही मतांत सत्यांश आहे, आणि आपल्या इकडे त्यांचा मेळ फार पूर्वी एका वेगळ्या संदर्भात घालण्याचा प्रयत्न झाला होता, हे विसरता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाविषयीच्या आपल्या प्रबंधात सुवर्ण विनिमय परिमाणावर जो आक्षेप घेतला, त्याचा गाभा असा की, चलन किती काढावे हे चलन काढणाऱ्या सत्तेच्या मर्जीवर सोडले तर तिच्या गैरवापराला आळा राहत नाही. म्हणून त्या सत्तेवरच कायद्याची मर्यादा पाहिजे. नियमन आवश्यक आहे, आणि म्हणूनच नियामकाला बांधून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे, हा विचार त्यातून निष्पन्न होतो.

सरहद्दीचा प्रश्न सोडवण्याचा पहिला व्यवस्थित प्रयत्न १९४४ च्या जुलैत अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे झाला. ४४ राष्ट्रांच्या त्या परिषदेत इंग्लंडचे केन्स आणि अमेरिकेचे हॅरी डेक्स्टर व्हाइट यांनी जी योजना घडवली तिचे मर्म असे होते की, मालाचा व्यापार मोकळा राहावा, चलनांचे दर स्थिर असावेत, परंतु भांडवलाने देशोदेशी धावाधाव करू नये. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या करारनाम्यातच भांडवलाच्या हालचालीवर निर्बंध घालण्याचा अधिकार सदस्य राष्ट्रांकडे राखून ठेवला होता. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. युद्धकाळात इंग्लंडकडे साचलेल्या भारताच्या स्टर्लिंग ठेवींचा प्रश्न नाणेनिधीच्या कक्षेत घ्यावा, ही भारताची मागणी तेथे मान्य झाली नाही. ज्याचे येणे थकले होते त्या राष्ट्राला परिषदेत आसन मिळाले, पण विषयपत्रिका ठरवण्याचा हक्क मिळाला नाही. आंतरराष्ट्रीय नियम घडवण्याच्या पद्धतीत हा दोष जन्मापासून राहिला आहे.

ही घडी सुमारे पंचवीस वर्षे टिकली. लंडनच्या बँकांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉलरमध्ये ठेवी घेऊन डॉलरमध्येच कर्जे देण्यास आरंभ केला. अमेरिकेचा कायदा लंडनला लागू नव्हता आणि इंग्लंडच्या अधिकाऱ्यांना परक्या चलनातील व्यवहारात लक्ष घालण्याचे कारण वाटत नव्हते. अशा रीतीने दोन मुलखांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक प्रचंड बाजार उभा राहिला. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या मोबदल्यात सोने देण्याचे बंद केले, दर तरंगते झाले, आणि त्या दरांच्या चढउतारावर सट्टा करणाऱ्या पेढ्यांच्या ताळेबंदांत नवी जोखीम शिरली.

त्या जोखमीचा पहिला मोठा दाखला कोलोन येथील हेर्स्टाट बँकेने दिला. २६ जून १९७४ रोजी जर्मन अधिकाऱ्यांनी कामकाजाचा दिवस संपताना तिला टाळे ठोकले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अजून सकाळच होती. ज्या बँकांनी तिला जर्मनीत मार्क चुकते केले होते, त्यांना त्याबदल्यात न्यूयॉर्कमध्ये मिळावयाचे डॉलर मिळाले नाहीत. हुकूम जर्मन कायद्याप्रमाणे बिनचूक होता. तो ज्या घटकेला बजावला गेला त्या घटकेचा परिणाम मात्र दुसऱ्या खंडावर झाला. या धक्क्यातून १९७४ च्या अखेरीस दहा प्रमुख राष्ट्रांच्या मध्यवर्ती बँकांनी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे समिती स्थापली. तिला कायदे करण्याचा अधिकार नव्हता व आजही नाही. ती संकेत ठरवते आणि प्रत्येक राष्ट्र आपापल्या कायद्यात ते उतरवते. १९८८ साली तिने ठरवले की, बँकेने आपल्या जोखीमभारित मालमत्तेच्या ८ टक्के इतके भांडवल राखावे. हा संकेत शंभराहून अधिक देशांनी स्वीकारला. नरसिंहम् समितीच्या शिफारशींनंतर भारतानेही १९९२ पासून तो लागू केला, मात्र बाझलच्या समितीचे सदस्यत्व भारताला २००९ साली मिळाले. मधली सतरा वर्षे आपण परक्यांनी केलेला नियम पाळत होतो.

तरीही संकेत आणि अंमल यांतील अंतर किती असू शकते, हे बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल या पेढीने उघड केले. १९७२ साली आगा हसन अबेदी यांनी स्थापलेल्या या पेढीची नोंदणी लक्झेंबर्गमध्ये, दुसरा आधार केमन बेटांत, कारभार लंडनमध्ये आणि शाखा सुमारे सत्तर देशांत अशी रचना होती. हिशेबतपासनीसही निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे होते. तिचे संपूर्ण दप्तर एकाच वेळी पाहण्याचा अधिकार कोणत्याही एका सरकारला नव्हता, आणि ५ जुलै १९९१ रोजी अनेक देशांनी मिळून तिला बंद केले तोवर तिच्यातील अफरातफर वर्षानुवर्षे चालू राहिली होती.

१९९७ च्या जुलैत थायलंडचे बाट हे चलन कोसळून पूर्व आशियात जे अरिष्ट पसरले, त्यात नाणेनिधीचा आग्रह भांडवलाचे दरवाजे उघडे ठेवण्याचा होता. मलेशियाने तो जुमानला नाही. १९९८ च्या सप्टेंबरात त्या देशाने भांडवलावर निर्बंध घातले आणि रिंगिटचा दर डॉलरशी बांधला. मलेशियाचा सर्वनाश होईल अशी भाकिते झाली. ती खरी ठरली नाहीत, आणि २०१२ साली नाणेनिधीने स्वतःच मान्य केले की, काही परिस्थितीत असे निर्बंध योग्य असू शकतात. जे १९४४ च्या करारनाम्यात लिहिलेले होते ते पुन्हा मान्य होण्यास अडुसष्ट वर्षे लागली.

२००८ च्या अरिष्टाविषयी इतके लिहिले गेले आहे की, त्याची हकीकत येथे सांगण्याचे कारण नाही. नियमनाच्या दृष्टीने त्यातील तीन गोष्टी मात्र नोंदवण्यासारख्या आहेत. पहिली, एआयजी या अमेरिकन विमा कंपनीला वाचवण्यासाठी ८५ अब्ज डॉलरचे कर्ज द्यावे लागले, ते ज्या शाखेच्या व्यवहारांमुळे ती शाखा लंडनमधून कारभार करीत होती आणि तिच्यावरची देखरेख, मुख्यतः लहान बचत संस्थांसाठी स्थापलेल्या एका अमेरिकन कचेरीकडे होती. दुसरी, लेहमन ब्रदर्सने तिमाहीच्या अखेरीस सुमारे ५० अब्ज डॉलरचे रोखे ताळेबंदातून तात्पुरते बाहेर काढून आपली देणी कमी भासवली. या व्यवहाराला अमेरिकन वकिलांचा अभिप्राय मिळेना, म्हणून तो इंग्लंडच्या कायद्याखाली मिळवला गेला आणि व्यवहार लंडनमार्गे वळवले गेले. तिसरी गोष्ट आइसलँडची. सव्वातीन लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या देशातील लांड्सबांकी या बँकेने आइससेव्ह नावाने ब्रिटन आणि नेदरलँड्समधून ठेवी गोळा केल्या, आणि तेथील ठेवीदारांची संख्या आइसलँडच्या लोकसंख्येहून अधिक झाली. युरोपीय नियमाप्रमाणे परदेशी शाखांवरची देखरेख व ठेवींची हमी मायदेशाकडे होती. ती हमी पाळणे त्या चिमुकल्या राष्ट्राच्या तिजोरीला अशक्य होते. ऑक्टोबर २००८ मध्ये ब्रिटनने लांड्सबांकीची मालमत्ता गोठवली ती दहशतवादविरोधी कायद्याखाली. त्यानंतर आइसलँडच्या जनतेने हे देणे फेडण्याच्या अटी दोनदा सार्वमताने फेटाळल्या, आणि २०१३ साली संबंधित न्यायालयानेही आइसलँडच्या बाजूने निकाल दिला. बँका जन्मभर आंतरराष्ट्रीय असतात आणि मरताना मात्र राष्ट्रीय होतात, हे सत्य या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

वित्तव्यवहार बाजूला ठेवून मालाच्या व्यापाराकडे वळले असता निराळीच अडचण पुढे येते. येथे नियम नाहीत अशी तक्रार नसून नियम दुसऱ्याचे आहेत ही तक्रार आहे. युरोपीय संघाची बाजारपेठ एवढी मोठी आहे की, तिने घरच्या ग्राहकासाठी केलेला नियम जगाला आपोआप लागू होतो. २०१० साली नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना याचा कडू अनुभव आला. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत आढळला आणि कंटेनर अडले. ते द्रव्य इकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हते. नियम ब्रुसेल्सचा, तपासणी इकडची आणि नुकसान बागायतदाराचे, अशी ही विभागणी होती. तथापि या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे: ते द्रव्य यादीत आले, बागांची नोंदणी आणि पेटीमागे बागेचा माग काढण्याची २००६ पासूनची ग्रेपनेट व्यवस्था अधिक कसोशीने राबवली गेली, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने आणि प्रयोगशाळांनी आपली क्षमता वाढवली, आणि निर्यात पुन्हा उभी राहिली. परक्याच्या नियमापुढे मान तुकवणे किंवा त्याच्या नावाने बोटे मोडणे, या दोहोंहून वेगळा असा तिसरा मार्ग स्वतःची तपासणीची यंत्रणा उभारण्याचा आहे, हे यावरून दिसते. पोलाद, ॲल्युमिनियम आणि सिमेंट यांच्या उत्पादनात किती कर्बवायू बाहेर पडला याचा हिशेब मागणारी जी आकारणी युरोपने १ ऑक्टोबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आणली आहे, तिच्यासमोरही हीच कसोटी लागणार आहे. अशा तक्रारींची दाद जेथे मागावयाची त्या जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ, अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखल्यामुळे, डिसेंबर २०१९ पासून निकाल देण्यास असमर्थ होऊन बसले आहे.

कराच्या क्षेत्रात सरहद्दीची अडचण सर्वांत ठळक दिसते. २००७ साली व्होडाफोनने भारतातील हचिसन-एस्सार हा दूरध्वनी व्यवसाय घेतला. घेणारी कंपनी नेदरलँड्सची, ज्या कंपनीचे भाग विकले गेले ती केमन बेटांतील, आणि ज्या धंद्याची किंमत मोजली गेली तो मात्र मुंबईपासून देशभर पसरलेला. मुंबई उच्च न्यायालयाने करखात्याचा दावा ग्राह्य धरला, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या जानेवारीत तो फेटाळला, त्याच वर्षी संसदेने कायदा मागील तारखेपासून बदलला, २०२० साली आंतरराष्ट्रीय लवादाने भारताच्या विरुद्ध निवाडा दिला, आणि २०२१ साली ती पूर्वलक्षी तरतूद मागे घेतली गेली. मिळकत ज्या भूमीत झाली तिला कर मिळावा ही भारताची भूमिका मुळात न्याय्य होती. परंतु मागील तारखेच्या कायद्याने ती अमलात आणण्याचा मार्ग चुकीचा होता, आणि त्यामुळे भारताच्या शब्दाची पत अनेक वर्षे घसरली. मोठ्या कंपन्यांनी कुठेतरी किमान १५ टक्के कर भरावा असे २०२१ च्या ऑक्टोबरात १३६ देशांनी मान्य केले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने तो करार आपल्याला बंधनकारक नसल्याचे जाहीर केले. बलाढ्याच्या संमतीवाचून आंतरराष्ट्रीय नियम होत नाही आणि त्याच्या संमतीवाचून तो टिकतही नाही.

आता स्टिगलरच्या आक्षेपाकडे परत यावयाचे, कारण सरहद्द नसतानाही नियमन का फसते याचे उत्तर त्यात आहे. बोइंगच्या ७३७ मॅक्स या विमानाच्या तपासणीचे बरेचसे काम अमेरिकेच्या विमान नियामकाने कंपनीच्याच कर्मचाऱ्यांकडे सोपवले होते. २०१८ आणि २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे दगावली, आणि ही विमाने जमिनीवर उतरवण्यात चीन, युरोप व भारत यांनी पुढाकार घेतल्यानंतर अमेरिकेने तो निर्णय केला. जर्मनीत वायरकार्ड या कंपनीच्या हिशेबांविषयी पत्रकारांनी शंका काढल्या, तेव्हा नियामकाने कंपनीची बाजू घेऊन पत्रकारांविरुद्धच फिर्याद केली. २०२० च्या जूनमध्ये कंपनीच्या खात्यावरचे १.९ अब्ज युरो मुळातच अस्तित्वात नसल्याचे निष्पन्न झाले. नियम सैल करण्याचा मोह अरिष्टाची आठवण पुसट होताच बळावतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे: अमेरिकेने कडक देखरेखीची मर्यादा २०१८ साली ५० अब्ज डॉलर मालमत्तेवरून २५० अब्जांवर नेली, आणि त्या दोन मर्यादांच्या मध्ये बसणारी सिलिकॉन व्हॅली बँक १० मार्च २०२३ रोजी बुडाली.

आपल्याकडे या प्रश्नाने दोन टोके पाहिली. १९५१ च्या औद्योगिक कायद्यापासून १९९१ पर्यंत कारखाना काढण्यास, वाढवण्यास आणि कच्चा माल आणण्यास परवाना लागत असे. नियमनाचे रूपांतर मक्तेदारीच्या वाटपात झाले, आणि ज्याला परवाना मिळाला त्याला स्पर्धेपासून सरकारी संरक्षण मिळाले. १९९१ नंतर दरवाजे उघडले, पण रखवालदार नेमण्यास उशीर झाला. भागबाजारासाठीच्या मंडळाला कायद्याचे बळ १९९२ साली मिळाले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात हर्षद मेहता प्रकरण उघडकीस येऊन बँकांच्या रोखे व्यवहारांतील कागदोपत्री पावत्यांचा खेळ जगजाहीर झाला. महाराष्ट्राच्या सहकारी बँकांत तर एकाच देशात दोन सरहद्दी होत्या: १९६६ पासून या बँका बँकिंगपुरत्या रिझर्व्ह बँकेच्या आणि कारभारापुरत्या सहकार निबंधकाच्या अंमलाखाली होत्या. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्या कर्जाचा बहुतांश हिस्सा एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गुंतलेला आढळला, आणि ठेवीदारांना आरंभी फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले. सरहद्द दोन राष्ट्रांमधली असो की दोन कचेऱ्यांमधली असो, जोखीम नेमकी तिच्या फटीत जाऊन बसते.

या सर्वाचा निष्कर्ष काय? जगाचे एकच सरकार नसल्यामुळे जगाचा एकच नियामक असू शकत नाही, आणि असावा असे इच्छिणेही धोक्याचे आहे. कारण तो कोणाला जबाबदार राहील, याचे उत्तर कोणाजवळ नाही. आंतरराष्ट्रीय संकेत उपयोगी आहेत, परंतु ते राबवणारा हात शेवटी राष्ट्रीयच असतो, आणि तो हात दुबळा असेल तर बाझलचे किंवा जागतिक व्यापार संघटनेचे कागद त्याला बळ देऊ शकत नाहीत. म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. ज्या देशांत एखादी संस्था धंदा करते त्या प्रत्येक देशाला तिचे संपूर्ण दप्तर पाहण्याचा हक्क असावा आणि हा हक्क प्रवेशाच्या परवान्याचीच अट असावी. ज्या समित्यांत नियम ठरतात तेथे पाळणाऱ्यांना आसन असावे. आणि ते मिळेपर्यंत प्रयोगशाळा, हिशेबतपासनीस आणि करतज्ज्ञ यांच्यावर घरी खर्च करण्यास राज्याने हात आखडता घेऊ नये. तिसरी गोष्ट अशी की, नियामकाने कोणाची तपासणी कधी केली, काय आढळले व कोणती कारवाई केली, याचा तपशील विधिमंडळापुढे आणि जनतेपुढे ठरावीक मुदतीत मांडण्याची सक्ती असावी. यांतील पहिल्या दोन गोष्टींसाठी इतर राष्ट्रांशी वाटाघाटी कराव्या लागतील, त्यांना वेळ लागेल व त्यांत अपयशही येईल. तिसरीसाठी कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. ती आपल्या संसदेच्या हातात आहे, आणि ती अजून पुरतेपणी अमलात आलेली नाही याचा दोष जागतिकीकरणावर टाकता येणार नाही.